दावासिंधू : किरकोळ धडकेनंतर विमा मागावा की न मागावा

प्रस्ताव

एकादशी दोन दिवस आली तर उपास कोणत्या दिवशी धरावा, ग्रहणात शिजलेल्या अन्नाचे काय करावे, अशा प्रश्नांचा निकाल कमलाकरभट्टांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधू’त लावून ठेवला. उरल्यासुरल्या शंका १७९० मध्ये पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी, म्हणजे बाबा पाध्यांनी, ‘धर्मसिंधू’ रचून फेडल्या. मात्र एक विषय दोघांच्याही हातून राहून गेला. सिग्नलला उभ्या असलेल्या आपल्या मोटारीच्या मागच्या बंपरवर कोणी आपले वाहन टेकवले, तर विम्याचा दावा करावा की न करावा?

१९८८ चा मोटार वाहन कायदा विम्यावाचून गाडी रस्त्यावर आणू देत नाही; पण काढलेला विमा मागावा केव्हा, यावर तो मौन पाळतो. विमा कंपनीला विचारावे, तर तिचे मत निःपक्षपाती असण्याचे काही कारण नाही. नातेवाइकांना विचारावे, तर प्रत्येकाचे मत ठाम असते आणि गाडी दुसऱ्याची असते. म्हणून हा निबंध. यात गाडीच्या मालकाला यजमान म्हटले आहे, कारण कोणताही निर्णय झाला तरी खर्च त्याचाच असतो.

१. धडकलक्षण

ज्या धडकेनंतर दोन्ही पक्ष खाली उतरून आधी आपापल्या गाडीकडे आणि मग एकमेकांकडे बघतात, ती किरकोळ धडक होय. तिचे प्रकार तीन.

स्पर्शजन्य : ही सिग्नलला, चढावर किंवा पेट्रोल पंपाच्या रांगेत होते. हिच्यात साक्षीदार मुबलक असतात आणि त्यांतल्या एकानेही काही पाहिलेले नसते.

स्तंभजन्य : सोसायटीच्या पार्किंगमधला खांब बांधकामाच्या वेळेपासून जागचा हललेला नाही, तरी यजमानाच्या निवेदनात तो अचानक समोर येतो.

अज्ञातजन्य : मंडईजवळ गाडी लावून लक्ष्मी रस्त्यावरची खरेदी उरकून परतावे, तो दारावर हातभर ओरखडा. इथे प्रतिपक्षच नसल्यामुळे भांडायचे कोणाशी, असा पेच पडतो. तो बहुधा घरच्या माणसांवर निभावला जातो.

कोणाला लागले असेल, मग ते खरचटणे का असेना, तर हा ग्रंथ तिथेच मिटावा. कायद्याचे कलम १३४ स्पष्ट आहे : आधी जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची, जागेवर पोलीस नसतील तर लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत, जवळच्या ठाण्यात कळवायचे आणि विमा कंपनीलाही लेखी माहिती द्यायची. तिथे नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सवलतीचा, हिशेब काढत बसणाऱ्याला कोणत्याही ग्रंथात प्रायश्चित्त सांगितलेले नाही.

२. रस्त्यावरचे विधी

पहिला विधी वाद. तो टाळता येत नाही, फक्त आवरता येतो. नमुना असा :

“ब्रेक का मारलात?”

“सिग्नल लाल झाला म्हणून.”

“अहो, पण मागे आम्ही होतो ना!”

या युक्तिवादाला उत्तर नाही, हे ओळखून यजमानाने मोबाइल बाहेर काढावा आणि गाड्या हलवण्यापूर्वी फोटो घ्यावेत. फोटोत दोन्ही नंबर प्लेट, लागलेली जागा जवळून आणि संपूर्ण गाडी लांबून, एवढे दिसले पाहिजे. प्रतिपक्षाच्या चेहऱ्याचा फोटो घेऊ नये. तेवढ्याने वादाचा दुसरा अध्याय सुरू होतो. मग फोन नंबर घ्यावा आणि मागची रांग हॉर्न वाजवून थकण्याआधी बाजूला व्हावे.

याच वेळी कोणीतरी पुढे होऊन “जाऊ द्या हो, मिटवून टाका” म्हणतो. हा गृहस्थ प्रत्येक धडकेला हजर असतो. मिटवताना हाती येणारी रक्कम आणि बंपरची किंमत यांचा परस्परांशी काही संबंध नसतो, पण निदान तिच्याने बोनस मोडत नाही.

आता मूळ सिद्धांत. चूक शंभर टक्के समोरच्याची असली, तरी आपल्या गाडीची भरपाई आपल्या पॉलिसीतून घेतली की नो क्लेम बोनस जातो. पैसे मागितले की नाही, एवढेच कंपनी बघते. चूक कोणाची, हे तिच्या बोनसच्या तक्त्यात कुठेच नाही. समोरच्याच्या विमा कंपनीकडून वसूल करण्याची वाट कायद्यात आहे. खासगी मोटारीच्या पॉलिसीत परक्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असते. पण ती वाट पोलिसांच्या कागदांवरून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाते. एका बंपरसाठी तिथवर जाणारा यजमान तत्त्वनिष्ठ असतो, आणि बहुधा निवृत्तही.

३. अधिकारनिर्णय

दावा करावा का, हे ठरवण्यापूर्वी आपल्याला तो करता येतो का, हे पहावे. कित्येक घरांत तासभर कडाक्याची चर्चा झाल्यावर कोणीतरी पॉलिसी उघडते आणि ती फक्त थर्ड पार्टी निघते. थर्ड पार्टी म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान. आपल्या बंपरला तीत स्थान नाही. अशा यजमानाने चहा संपवून सरळ मिस्त्रीकडे जावे. त्याचा निर्णय वर्षाच्या सुरुवातीलाच झालेला होता.

पॉलिसीत ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचे संरक्षण असेल, तर पुढचे पहावे. चालवणाऱ्याकडे त्या वेळी वैध परवाना हवा. पुतण्याने शिकाऊ परवान्यावर, शेजारी कोणीही न बसवता गाडी काढली असेल, तर दाव्याचा विचार सोडून पुतण्याचा विचार करावा. चालवणारा प्यायलेला असेल, तर दाव्याचे नावही काढू नये. खासगी गाडी भाड्याने प्रवासी नेत असताना ठोकली असेल, तरीही तेच.

झिरो डेप, म्हणजे बदललेल्या भागांवर घसारा न कापण्याची सोय आहे का, हेही इथेच बघून घ्यावे. नव्या गाडीबरोबर हे जोडसंरक्षण बहुधा असते. गाडी पाचेक वर्षांची झाली की अनेक कंपन्या ते द्यायला नाखूश असतात. वर्षातून किती वेळा वापरता येईल, याचीही पॉलिसीत बहुधा मर्यादा असते. ती बारीक अक्षरात शोधावी.

४. मूल्यनिर्णय

यानंतर दोन ठिकाणी दर्शन घ्यावे.

पहिले ठिकाण मिस्त्री. तो गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो, पोच्यावर आतून अंगठा दाबतो आणि म्हणतो, “निघेल. ठोकून काढू, पुटी भरू, कलर मारू. संध्याकाळी न्या.” कोणती संध्याकाळ, हे तो सांगत नाही.

दुसरे ठिकाण कंपनीचे वर्कशॉप. तिथला सल्लागार गाडीकडे बघण्याआधी विचारतो, “इन्शुरन्समध्ये करायचं की कॅश?” या प्रश्नाचे उत्तर लगेच देऊ नये. उत्तराप्रमाणे ठोकून निघणारा भाग बदलावा लागणारा होतो. आधी दोन्ही अंदाज लेखी मागावेत.

समजा, गाडी १२०० सीसीची आहे आणि वर्कशॉपने बंपरचे ६ हजार, रंगाचे ५ हजार, मजुरीचे २ हजार असा १३ हजारांचा अंदाज दिला आहे. झिरो डेप नसेल तर कंपनी घसारा कापते. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांना ५० टक्के आणि फायबरला ३० टक्के. काचेला शून्य, त्यामुळे काच फुटली तर यजमानाने दुःखातही थोडे समाधान मानावे. पत्र्याचा घसारा वयाप्रमाणे चढतो : पहिले सहा महिने काही नाही, पाचव्या वर्षी ३५ टक्के, दहा वर्षांनंतर ५०. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा सामानाचा धरतात आणि त्याच्यावर ५० टक्के कापतात.

म्हणजे बंपरचे ३,००० आणि रंगाचे ६२५ गेले. वर प्रत्येक दाव्यात यजमानाने सोसायचा सक्तीचा वाटा असतो : १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यापुढे २,०००. एकूण ४,६२५ यजमानाचे, ८,३७५ कंपनीचे. यालाच कॅशलेस म्हणतात.

५. सव्वापटीचा सिद्धांत

आता दुसरे पारडे. बिनदाव्याच्या पहिल्या वर्षानंतर बोनस २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. एक दावा केला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य, आणि जिना पुन्हा पहिल्या पायरीपासून.

लोक चुकतात ते इथे. कोणी म्हणतो, एका वर्षाचा बोनस जाईल, एवढेच ना? तर कोणी पूर्ण प्रीमियमचा निम्मा भाग जाईल म्हणून घाबरतो. दोघेही चुकले. बोनस फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळतो. थर्ड पार्टीचे दर केंद्र सरकार ठरवते. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६, त्यावर ७,८९७. या आकड्यांत यजमानाच्या सद्वर्तनाला कोणी विचारत नाही.

आणि नुकसान एका वर्षाचे नसते. ५० टक्क्यांवर बसलेल्या यजमानाने दावा केला, तर पुढच्या वर्षी ५० टक्के बुडतात, त्यानंतर ३०, मग २५, १५ आणि ५. बेरीज १२५. म्हणजे बोनस वजा करण्यापूर्वीच्या ओन डॅमेज प्रीमियमच्या सव्वापट. दक्षिणा सव्वा रुपयाची का असते, हे ज्यांना विचारावेसे वाटते, त्यांनी विमा कंपनीलाही विचारावे.

ज्यांचा बोनस अजून चढतोय, त्यांच्यासाठी तक्ता :

• अजून शून्यावर (नवी गाडी, पहिले वर्ष) : निम्मी पट
• २० टक्क्यांवर : ०.८ पट
• २५ टक्क्यांवर : १.०५ पट
• ३५ टक्क्यांवर : १.२ पट
• ४५ किंवा ५० टक्क्यांवर : सव्वापट

त्यावर १८ टक्के जीएसटी. आपल्या यजमानाचा बोनसपूर्व ओन डॅमेज प्रीमियम ८,००० असेल आणि बोनस ५० टक्के, तर बुडणार १०,००० अधिक जीएसटी, म्हणजे ११,८००. दाव्यातून मिळणार ८,३७५. दावा करू नये. झिरो डेप असेल तर मिळणार १२,०००. नफा २०० रुपये, आणि त्यासाठी वर्कशॉपच्या फेऱ्या, फॉर्म, रिक्षाभाडे. तोच मिस्त्री ७ हजारांत काम करत असेल, तर झिरो डेपचा मोहही सोडावा. वाचणार ६ हजार आणि जाणार जवळजवळ दुप्पट. याउलट हीच धडक नव्या गाडीला पहिल्याच वर्षी बसली असती, तर बुडणार होते फक्त ४,७२० आणि दावा बिनघोर करता आला असता. अंदाज ४० हजारांचा असेल, तर कोणत्याही यजमानाने करावा.

गाडीचे मूल्य घटते तसा प्रीमियमही थोडा उतरतो, म्हणून ११,८०० हा आकडा वरचा समजावा. शिवाय पुढची पाच वर्षे दुसरा दावा होणारच नाही, असे यात गृहीत धरले आहे. हे गृहीतक शेजारच्या सीटवर नेहमी बसणाऱ्या व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवावे आणि तिचा चेहरा पहावा. ज्याची गाडी दर पावसाळ्यात कुठेतरी घासते, त्याचा बोनस असाही टिकणार नव्हता. त्याने न टिकणाऱ्या बोनससाठी आजचे पैसे सोडू नयेत.

६. कालनिर्णय आणि सर्वपित्रीचा निषेध

दावा करायचा तर कंपनीला ताबडतोब कळवावे. बहुतेक पॉलिसींत एक-दोन दिवसांची भाषा असते. पाहणीपूर्वी गाडी दुरुस्त करू नये, धुऊ नये, आणि “थोडं ठोकून बघू का?” असे विचारणाऱ्या हौशी मेहुण्याला तिच्याजवळ फिरकू देऊ नये.

काही यजमान एक युक्ती योजतात. वर्षभर पडलेले ओरखडे साठवायचे आणि ज्यांची तिथी आठवत नाही त्या सगळ्यांचे एकाच दिवशी उरकून टाकायचे, सर्वपित्री अमावास्येसारखे. विमाशास्त्राला हे मान्य नाही. वेगळी घटना म्हणजे वेगळा दावा, आणि प्रत्येक दाव्याला सक्तीचा वाटा वेगळा. डाव्या दाराचा पोचा आणि उजव्या फेंडरचा ओरखडा एकाच धडकेत कसे झाले, हे सांगण्यासाठी गाडी उलटावी लागते. सर्वेक्षक जुन्या डेंटमधली धूळ, गंज आणि ओरखड्याची दिशा बघतो. ५० हजारांच्या आतल्या मोटार-दाव्याला परवानाधारक स्वतंत्र सर्वेक्षक सक्तीचा नाही. कंपनीचा माणूस बघतो किंवा तुमचे फोटो बघतात. पण फोटोतही गंज तांबडाच दिसतो. खोटी तारीख घातलेला दावा नाकारला गेला, तर कर्मफळाला दोष देऊ नये.

दुसरे पाप म्हणजे दावा घेऊन पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत जाऊन “माझा बोनस ५० टक्के” असे सांगणे. कंपन्या एकमेकींकडे चौकशी करतात. खोटा बोनस मोठ्या दाव्याच्या वेळी उघडा पडला, तर किती महाग पडेल, हे वेगळे सांगायला नको.

७. मतमतांतरे

या विषयात तीन संप्रदाय आहेत आणि एका कुटुंबात तिन्ही नांदतात.

वसुलीवादी म्हणतात, “इतकी वर्षं हप्ते भरतोय, एकदा तरी पैसे निघू देत.” यांना विमा म्हणजे भिशी वाटते.

बोनसनिष्ठ म्हणतात, “पन्नास टक्के मोडायचे नाहीत.” गाडीला दोन्ही बाजूंनी पोचे पडले, आरसा सुतळीने बांधला, तरी यांचा बोनस अखंड असतो. कंपनीला न मागता मिळालेला हा बिनपगारी पहारेकरी.

तिसरे उदासीन. “राहू दे डेंट. दृष्ट लागणार नाही.” यांचा खर्च सर्वांत कमी येतो, पण गाडी विकताना गिऱ्हाइकासमोर हे मत टिकत नाही.

वादात एजंट आला, तर तो म्हणतो, “साहेब, छोटा क्लेम टाकू नका.” त्याचा सल्ला बऱ्याचदा बरोबर असतो; फक्त बेरीज आपण करून पहावी, त्याने सांगितली म्हणून मानू नये.

ग्रंथकाराचे मत असे. विमा काढायचा तो घराचा हिशेब हादरवून टाकणाऱ्या नुकसानीसाठी : गाडी उलटली, पाण्यात बुडाली, चोरीला गेली, कोणाला इजा झाली. खिशातून सहज भरता येईल तो पोचा आपलाच समजावा. हे ज्याला पटते, त्याने नूतनीकरणाला स्वेच्छेचा वाटा वाढवून घ्यावा. प्रीमियममध्ये सूट मिळते आणि लहान दाव्याचा मोहच संपतो. ज्याला पटत नाही, त्याने बोनस-संरक्षणाचे जोडकलम घ्यावे आणि त्याच्या अटी आधी वाचाव्यात.

८. उत्तरक्रिया

गाडी विकली म्हणून बोनस संपत नाही. तो गाडीचा नसून मालकाचा असतो. देह जुना झाला की आत्मा दुसरा धारण करतो, तसा तो नव्या गाडीत प्रवेश करतो. त्यासाठी जुन्या कंपनीकडून बोनस राखल्याचे पत्र मागून घ्यावे. ते तीन वर्षे चालते. मात्र पॉलिसीची मुदत संपून ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही, तर बोनस मावळतो. पाच वर्षे एकाही खांबाला न शिवता गाडी चालवायची आणि शेवटी तारीख विसरून सगळे घालवायचे, हे साधणारे यजमान ग्रंथकाराच्या पाहण्यात आहेत.

फलश्रुती

सव्वापटीचा आकडा धडकेच्या दिवशी काढू नये. त्या दिवशी हात थरथरत असतात, मिस्त्री बोलत असतो आणि मेहुणे फोनवर असतात. नूतनीकरणाच्या दिवशी, पॉलिसी समोर असताना, आपल्या पायरीचा गुणक घेऊन रक्कम काढावी आणि कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावी : “दाव्याने याहून जास्त वाचत असेल तरच.”

हा निबंध श्रद्धेने वाचणाऱ्याची गाडी कधीच कुठे घासणार नाही, असे फळ देता येत नाही. तसे कोणत्याही कंपनीने लिहून दिलेले नाही. मात्र त्याचा निर्णय पाच मिनिटांत होईल, आणि उरलेला वेळ त्याला धडक नेमकी कोणाच्या चुकीमुळे झाली यावर घरच्यांशी वाद घालण्यासाठी मोकळा राहील.